माणूस बरा असतानाच करायचे कागद : मानसिक आरोग्य कायदा नाशिकच्या घरात कसा वापरायचा

माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा १९८७ चा कायदा चालू होता. त्याला भरती करण्यासाठी आमच्या दादांनी न्यायालयाचा हुकूम काढला आणि ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेलं. हातात हुकूम, मागे गाडीत भाऊ, आणि आईला वाटत होतं की आपण मुलाला तुरुंगात पोचवायला निघालोय. कसारा घाट उतरेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. दहाएक वर्षांनी तो पुन्हा बिघडला तेव्हा कायदा बदललेला होता. या वेळी न्यायालयात जावं लागलं नाही, पण डॉक्टरांनी विचारलं, "यांचा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण?" म्हणजे उपचाराच्या निर्णयांत रुग्णाच्या बाजूने कोण उभं राहणार. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो. दादा म्हणाले मी, वहिनी म्हणाली मी, आणि भावाला त्या क्षणी आम्हा कोणावरच भरवसा नव्हता.

त्या रात्रीपासून मी हा कायदा वाचत आले आहे. सिव्हिलच्या ओपीडीबाहेर बसलेल्या घरांना जमेल तसं सांगतही आले आहे. या कायद्यातल्या सगळ्यात उपयोगी गोष्टी माणूस बरा असतानाच करून ठेवायच्या असतात, आणि नेमक्या तेव्हा आपण हुश्श करून बसतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे : आधी शांततेच्या दिवसांत काय करायचं, मग संकटाच्या रात्री, मग वॉर्डात आणि नंतर.

आधी कायदा कोणता ते

१९१२ चा भारतीय वेडेपणा कायदा, त्यानंतर १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आणि आता मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. हा शेवटचा २०१८ मध्ये लागू झाला. फरक नावातच आहे. पहिला कायदा वेड्याला समाजापासून दूर ठेवण्यासाठी होता, आताचा त्याला सेवा मिळावी म्हणून आहे. मधल्या काळात, २००१ च्या ऑगस्टमध्ये, तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात गेले. आजच्या कायद्यात कलम ९५ कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला सरळ बंदी घालतं. ते वाचताना मला एरवाडी आठवल्याशिवाय राहत नाही.

कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. हे महत्त्वाचं आहे, पुढे व्यसनमुक्ती केंद्रांबद्दल सांगताना लागेल. जन्मापासूनची बौद्धिक अक्षमता मात्र या व्याख्येत नाही. तिच्यासाठी वेगळे कायदे आहेत.

पायरी पहिली : केसपेपर आणि फाइल

कलम १८ म्हणतं की सरकारी खर्चाने चालणाऱ्या यंत्रणेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. नाशिकमध्ये याची सुरुवात त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयातून, आपल्या सिव्हिलमधून, होते. तिथल्या मनोविकार विभागात केसपेपर काढा, खासगी डॉक्टर चालू असले तरी काढा. पुढे प्रमाणपत्र, औषधं, तक्रार, सगळ्याला सरकारी नोंद कामी येते.

अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळायला हवीत, असं याच कलमात आहे. सुरगाणा किंवा पेठहून दर महिन्याला गोळ्यांसाठी नाशिक गाठणाऱ्या घराने आपल्या ग्रामीण रुग्णालयात आधी लेखी मागणी करावी. "औषध उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर ते केसपेपरवर लिहून मागावं. तोंडी "नाही" पुढे कुठेच दाखवता येत नाही. जिल्ह्यात किमान सेवाच मिळत नसतील, तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने परत द्यायचा, अशीही तरतूद आहे. म्हणून बिलं फेकू नका.

उपचाराच्या मूलभूत नोंदींची प्रत मिळणं हा कलम २५ प्रमाणे रुग्णाचा हक्क आहे. ती मागा आणि फाइलला लावा. आमच्या फाइलमध्ये सगळ्यात वर एक साधं पान आहे : कोणतं औषध कधी सुरू झालं, कोणत्याने अंग जड पडलं, कोणत्याने झोप आली, कोणतं बंद केल्यावर किती दिवसांत बिघडला. नवीन डॉक्टर आधी तेच वाचतात.

पायरी दुसरी : प्रतिनिधी आणि आगाऊ निर्देश

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण आमच्या घराचं सगळं यातच अडलं होतं.

कलम १४ प्रमाणे कोणीही सज्ञान माणूस आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. कोरा कागद पुरतो. मी अमुक यांना नेमतो, असं लिहायचं, सही किंवा अंगठा करायचा. प्रतिनिधीही सज्ञान हवा, काम पेलायला समर्थ हवा आणि त्याची लेखी संमती हवी. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. भावाने दादांना नाही, वहिनीला नाही, मला नाही, त्याच्या सातपूरच्या जुन्या सहकाऱ्याला नेमलं. दादांना ते फार लागलं. पण आजारात भावाच्या मनात घरच्यांबद्दलच संशय येतो, ते त्याला बरा असताना नीट कळतं, आणि म्हणूनच त्याने तसं ठरवलं. कायदा हा निर्णय त्याच्या हातात देतो हे मला आज बरोबर वाटतं. नेमणूक कधीही बदलता येते.

कोणालाच नेमलं नसेल तर क्रम ठरलेला आहे : आधी नातेवाईक, मग प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती, मग पुनर्विलोकन मंडळाने नेमलेला माणूस. मंडळाबद्दल पुढे सांगते.

दुसरा कागद म्हणजे आगाऊ निर्देश, कलम ५. आजाराने निर्णयक्षमता गेली तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे माणसाने स्वतः आधी लिहून ठेवायचं. पूर्वी आजार झालेला असो वा नसो, लिहिता येतं. नियमांत त्याचा नमुना दिलेला आहे, साक्षीदारांच्या सह्या घ्या. भाषा वकिली नको. भावाने काय लिहिलं ते त्याच्या परवानगीने थोडक्यात सांगते : अमुक गोळीने माझा जबडा आखडतो, ती नको, इंजेक्शन देण्याआधी मला एकदा सांगा, मी ओरडत असलो तरी सांगा, आईला पहिले दोन दिवस भेटायला आणू नका, माझ्या कंपनीला आजाराचं नाव कळवू नका.

हे चार मुद्दे लिहायला त्याला तीन रविवार लागले. आई शेजारी बसून भाजी निवडत होती आणि "मला का नको आणायचं?" असं तिने एकदाच विचारलं. त्याने उत्तर दिलं, तिने ऐकलं. माझ्या मते त्या कागदातलं अर्धं काम त्या संभाषणात झालं.

काही मर्यादा नीट लक्षात ठेवा. क्षमता शाबूत असेपर्यंत आगाऊ निर्देश लागू होत नाही, माणूस त्या वेळी जे म्हणेल तेच चालतं. तातडीच्या उपचारात तो बंधनकारक नसतो. डॉक्टर किंवा नातेवाईक मंडळाकडे अर्ज करून तो बदलण्याची मागणी करू शकतात. आणि डॉक्टरांपर्यंत प्रत पोचवणं ही लिहिणाऱ्याची आणि प्रतिनिधीची जबाबदारी आहे. प्रत मिळालीच नसेल तर ती न पाळल्याबद्दल डॉक्टरांना दोष देता येत नाही. म्हणून एक प्रत फाइलमध्ये, एक डॉक्टरांकडे, एक प्रतिनिधीकडे आणि एकाचा फोटो मोबाइलमध्ये.

क्षमता म्हणजे काय, तेही कायद्याने सोपं केलं आहे. उपचाराची माहिती समजते का, निर्णयाचा परिणाम उमगतो का, आणि तो निर्णय बोलून, खुणेने किंवा कसाही सांगता येतो का. घेतलेला निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो, एवढ्यावरून माणसाला क्षमता नाही असं म्हणता येत नाही. घरच्यांना हे पचायला सगळ्यात जड जातं. मलाही गेलं.

पायरी तिसरी : संकटाची रात्र

समजा घरात तोडफोड चालू आहे, किंवा चार दिवस अन्नपाणी बंद आहे, किंवा माणूस जीव द्यायची भाषा करतोय. घरापासून सर्वात जवळचा नोंदणीकृत डॉक्टर कलम ९४ प्रमाणे तातडीचे उपचार देऊ शकतो. तो मनोविकारतज्ज्ञ असावा लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारीही चालतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची, आणि हे उपचार जास्तीत जास्त ७२ तास चालतात. रुग्णाला जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत पोचवणंही त्यातच येतं. विजेचे झटके मात्र या कलमाखाली देता येत नाहीत.

१०८ ला फोन करताना "मानसिक रुग्ण आहे" म्हटलं की कधी कधी टाळाटाळ होते. शारीरिक आजाराच्या रुग्णाला जशी रुग्णवाहिका मिळते तशीच, त्याच दर्जाची, मानसिक रुग्णाला मिळाली पाहिजे, हे कलम २१ मध्ये स्पष्ट आहे. फोनवर कलम सांगत बसू नका. जिवाला काय धोका आहे तेवढं नेमकं सांगा.

जीव देण्याचा प्रयत्न झाला असेल तर पोलीस केसच्या भीतीने उशीर करू नका. कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०९ कलमासारखा सरसकट गुन्हा उरलेलाच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण तो आरोपीचा जबाब नसतो. आणि प्रयत्न होण्याआधीच, मन तिकडे वळतंय असं वाटलं, स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या, तर १४४१६ या टेली मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं. मोफत आहे, मराठीत बोलतात.

त्याच रात्री कोणी तरी म्हणतं, आधी भगताकडे नेऊन पाहू. श्रद्धेला माझा विरोध नाही, आमच्या घरातही देव आहेत. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि तिकडे गेलेले आठवडे उपचारातून वजा होतात.

रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस दिसला तर त्याची जबाबदारी कलम १०० ने पोलिसांवर टाकली आहे. ११२ वर कळवा. त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा असतो. रामकुंडावर आणि नाशिक रोड स्टेशनवर अशी माणसं आपण रोज ओलांडून जातो. सिंहस्थाच्या गर्दीत ती वाढतात, काहींना तर घरचेच सोडून जातात. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका, फोन करा.

पायरी चौथी : भरती करताना फॉर्म नीट वाचा

भरतीचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिला, स्वतंत्र रुग्ण म्हणून, कलम ८६. माणूस स्वतःच्या मर्जीने येतो, त्याच्या संमतीशिवाय उपचार होत नाहीत आणि त्याने मागितला की डिस्चार्ज द्यावा लागतो. तो दुसऱ्या प्रकाराच्या निकषांत बसतो का हे तपासण्यापुरतं डॉक्टर त्याला जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतात. होता होईल तो भरती अशीच व्हावी, हा कायद्याचा कल आहे.

दुसरा, साहाय्यित भरती, कलम ८९. याला प्रतिनिधीचा अर्ज लागतो. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. माणसाने नुकतंच स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला किंवा तशी धमकी दिली, दुसऱ्यावर हिंसा केली, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, यातलं काहीतरी दिसायला हवं. "घरात भांडतो" एवढं पुरत नाही. ही भरती ३० दिवसांपर्यंत. संस्थेने मंडळाला कळवायचं असतं : स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, बाकीच्यांचं सात दिवसांत. ३० दिवसांपुढे कलम ९० लागतं, दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची मान्यता.

अठरा वर्षांखालच्या मुलांची भरती अपवाद म्हणूनच. त्यांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही, आणि प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेला माणूस पूर्ण वेळ सोबत राहतो. आईला भरती करताना तीन वर्षांखालचं मूल असेल तर सहसा दोघांना वेगळं करायचं नाही.

फॉर्मवर कोणतं कलम टिकमार्क केलंय ते सही करण्याआधी पाहा. आम्ही घाईत पाहिलं नव्हतं, आणि भाऊ स्वतंत्र रुग्ण आहे की साहाय्यित, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

वॉर्डात असताना रुग्णाला पाहुण्यांना भेटण्याचा किंवा नाकारण्याचा, फोन करण्याचा, आपला आजार आणि उपचाराची योजना समजून घेण्याचा हक्क असतो. भूल आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांशिवाय विजेचे झटके देता येत नाहीत. जखडून ठेवणं हे फक्त तातडीची इजा टाळण्यासाठी, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरतंच. असं प्रत्येक वेळी २४ तासांच्या आत प्रतिनिधीला कळवावं लागतं. एकांतात कोंडणं पूर्ण बंद.

पायरी पाचवी : व्यसनमुक्ती केंद्र निवडताना

आमच्या शेजारच्या मुलाला पहाटे तीन वाजता चार अनोळखी माणसं जीपमध्ये घालून घेऊन गेली. आईवडिलांनीच एका केंद्राला पैसे भरून बोलावली होती. तीन महिने भेट नाही, फोन नाही. परत आला तो मुलगा आईशी अजून नीट बोलत नाही. त्या माऊलीने हे प्रेमापोटी केलं, तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

व्याख्येत व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रास येतात, म्हणून अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणारं केंद्र हे मानसिक आरोग्य संस्था ठरतं आणि त्याला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. नोंदणीशिवाय केंद्र चालवलं तर पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार दंड, पुढे पाच लाखांपर्यंत. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी करा. नोंदणी प्रमाणपत्र पाहा, ते संस्थेत दिसेल असं लावलेलं असायला हवं. मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात ते विचारा. आणि भेटीची वेळ विचारा. "पहिले तीन महिने भेट नाही" असं उत्तर आलं तर मी तरी तिथून उठून येईन.

पायरी सहावी : विमा आणि प्रमाणपत्र

कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायचं आहे, आणि विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं. तरी आमचा पहिला दावा नाकारला गेला. नकार लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला कलम लिहून अर्ज द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येतं, तिथे वकील आणि शुल्क दोन्ही लागत नाही. आमचे पैसे तक्रार अधिकाऱ्याच्या पायरीवरच मिळाले.

आजार लांबला आणि काम, व्यवहार, नाती यांवर परिणाम टिकून राहिला तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ पाहा. त्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून सिव्हिलमध्ये तपासणी होते. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद आणि काम या चार बाबी पाहून टक्केवारी ठरते. ४० टक्के किंवा जास्त असेल तर राखीव जागा आणि योजनांचा मार्ग उघडतो. उत्पन्न अगदी कमी असलेल्यांनी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचीही चौकशी करावी. तपासणीच्या दिवशी रुग्णाला नीटनेटका करून, गप्प बस म्हणून नेऊ नका. घरी तो जसा असतो ते डॉक्टरांना खरंखरं सांगा.

पायरी सातवी : तक्रार

आधी संस्थेच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, पोच घेऊन. त्यांच्या उत्तराने समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. जिल्हा न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन सदस्य स्वतः आजार अनुभवलेले, सांभाळ करणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे. ही शेवटची दोन माणसं मंडळावर आहेत म्हणून मला तिथे बोलायचा धीर आला. साहाय्यित भरतीला आव्हान दिलं तर सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो, इतर बहुतेक अर्जांवर ९० दिवसांत. निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालय.

अर्ज कुठे आणि कसा द्यायचा हे कळत नसेल तर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जा. या कायद्याखालच्या हक्कांसाठी रुग्णाला मोफत वकील मिळतो, कलम २७. जाताना फाइल घेऊन जा. कलम क्रमांक पाठ नसले तरी चालतील, पण तारखा लागतील : कधी भरती झाली, कोणी तपासलं, काय मागितलं, काय उत्तर आलं.

आमची फाइल आता कपाटात नसते. हॉलमध्ये टीव्हीखालच्या कप्प्यात असते, निळी, वर भावाच्याच अक्षरात नाव. दिवाळीच्या आधी घर आवरताना तो ती उघडतो, आगाऊ निर्देश पुन्हा वाचतो. गेल्या वर्षी त्याने एक ओळ खोडली. आईला पहिल्या दिवसापासून भेटू द्या, असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि नव्या कागदाच्या प्रती काढायला मला त्र्यंबक नाक्यावर पाठवलं.